तळव्याची शिवण उसवली आणि हात सोलला : एमटीबीचे (माउंटन बाइकचे) ग्लोव्हज नेमके कुठे कमी पडतात?

मालवीचाक (रविवार, रात्री)

नमस्कार मंडळी, डाव्या हाताला पट्टी आहे म्हणून एका हाताने टाइप करतोय, चुका सांभाळून घ्या.

आज पहाटे आम्ही चौघं सायकली घेऊन इंदूरहून निघून जानापावच्या डोंगरावर गेलो होतो. वर कुंडापर्यंत रस्त्याने चढलो आणि उतरताना नेहमीसारखी पायवाट धरली. पावसाळा संपला की तिथली वरची माती वाहून गेलेली असते आणि काळ्या दगडावर नुसता बारीक मुरूम उरतो, ज्वारीच्या दाण्यांवर पाय पडावा तसं चाक सरकतं. एका वळणावर पुढचं चाक गेलं, स्पीड फार नव्हता, पंधरा-सोळा असेल, पण मी डाव्या अंगावर गेलो आणि जसं सगळेच करतात तसा हात पुढे टाकला.

पडण्याचं काही नाही हो, पडतोच आपण. मला वाईट वाटलं ते ग्लोव्हजचं. सात महिन्यांपूर्वी ऑनलाइन चौदाशेला घेतले होते, वरती बोटांच्या पेरांवर कडक प्लास्टिकचे उंचवटे, हातात घातले की वाटायचं आता काही होत नाही. त्या प्लास्टिकवर आज एक ओरखडाही नाही! आणि खाली तळव्याला अंगठ्याच्या मुळापासून मनगटाकडे जी शिवण येते ती दोन-अडीच इंच सरळ उघडली, त्यातून मुरूम आत गेला, ग्लोव्ह हातावर फिरला आणि तळहाताची गादी सोलली गेली. घरी येऊन नळाखाली अर्धा तास खडे काढत बसलो, आईला बघवत नव्हतं.

आता लक्ष देऊन बघितलं तर कापड कुठेच फाटलेलं नाहीये. सुईची भोकं एका ओळीत जशीच्या तशी आहेत, फक्त दोरा गायब आहे.

तर प्रश्न असा की टिकणारे ग्लोव्हज ओळखायचे कसे, आणि टिकणारा ग्लोव्ह म्हणजेच वाचवणारा ग्लोव्ह का? महाग घेतले की प्रश्न सुटतो का? ज्यांनी दोन-तीन जोड्या झिजवल्यात त्यांनी प्लीज लिहा.

रामबाग_रायडर

भिया आधी लवकर बरा हो. मी गेली दोन वर्षं ग्लोव्हजशिवाय चालवतोय आणि मला तरी ब्रेकचं बोट, ग्रिपचा अंदाज, सगळं उघड्या हाताने जास्त बरं कळतं. जाड ग्लोव्ह घातला की ग्रिप मुठीत मावत नाही, मग माणूस घट्ट दाबून धरतो आणि उतारावर कोपरापासून हात भरून येतो. बाहेरचे पण कितीतरी चांगले रायडर बिनग्लोव्हजचे चालवतात. माझं म्हणणं एवढंच की ग्लोव्हजवर विसंबू नकोस, स्किल वाढव.

महूकर

रामबागवाल्या मुला, ग्रिपचं तुझं म्हणणं खरं आहे, तळव्याला एक मिलिमीटर जाडी वाढली की मुठीत दोन मिलिमीटर वाढली, आणि ग्रिप असते जेमतेम तीस-बत्तीस मिलिमीटरची, फरक कळतोच. पण ते बाहेरचे लोक चालवतात ते मऊ मातीच्या ट्रेलवर. आपल्याकडे खाली काय आहे? डेक्कन ट्रॅपचा काळा दगड, फुटला की धारेचा फुटतो. कातडीचं स्किल वाढत नसतं बाळा.

मी महूला सायकल चालवतोय तेव्हा एमटीबी हा शब्दसुद्धा आपल्याकडे नव्हता, पातालपाणीच्या बाजूला साध्या काळ्या सायकली घेऊन जायचो. हातात जाड कातड्याचे कामाचे मोजे. आणि एक सांगतो, ज्यांनी हा खेळ सुरू केला त्या कॅलिफोर्नियाच्या मरीन काउंटीतल्या पोरांनी १९७६ साली रीपॅकची शर्यत लावली, तेव्हा त्यांच्या अंगावर जीन्स, पायात कामाचे बूट आणि हातात कातडी मोजेच असायचे. त्या उतारावर मागच्या हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि प्रत्येक वेळी नवीन भरावं लागायचं, म्हणून नाव रीपॅक. म्हणजे वरचं प्लास्टिक नंतर आलं, आधी लोकांनी तळवा झाकला.

बोकडाचं कातडं बघा. मऊ असतं, पातळ असूनही चिवट, ग्रिप हाताला कळते. फक्त भिजल्यावर उन्हात टाकायचं नाही, पापड होतो.

फिजिओताई

मालवीचाक, बाकी सगळं नंतर, आधी एक करून बघ. अंगठा वर ताणलास की मनगटाजवळ अंगठ्याच्या मुळाशी एक छोटा खळगा पडतो ना, त्यात दुसऱ्या हाताच्या बोटाने दाब. तिथे नेमकं दुखलं तर उद्याच एक्स-रे काढ, सोललंय म्हणून दुखतंय असं म्हणून सोडू नकोस.

तिथे स्कॅफॉइड नावाचं काजूएवढं हाड असतं आणि हात पुढे टाकून पडलं की ते मोडायची भीती असते. अवघड हे आहे की पहिल्या एक्स-रेत ते बरेचदा दिसतच नाही, दहा-चौदा दिवसांनी परत काढावा लागतो किंवा एमआरआय. आणि त्या हाडाला रक्त पुढच्या टोकाकडून मागे येतं, त्यामुळे मधेच मोडलं आणि दुर्लक्ष केलं तर मागचा तुकडा रक्ताविना मरतो. चाळीस वर्षांच्या माणसाचं मनगट कायमचं आखडलेलं मी पाहिलंय, कारण तेव्हा 'मुरगळलंय' म्हणून हळद लावून बसले होते.

धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंस ना?

आणि सगळ्यांसाठी सांगते, हे हाड कुठलाही ग्लोव्ह वाचवत नाही. वजन अख्खं मनगटावर येतं, तिथे दोन मिलिमीटरचं पॅडिंग काय करणार. ग्लोव्हजचं काम कातडीपुरतं, फार तर नसेपुरतं.

मालवीचाक

ताई, इंजेक्शन घेतलंय. दाबून बघितलं, दुखतंय थोडं पण सगळाच हात दुखतोय त्यामुळे कळत नाहीये. उद्या दाखवतो.

पीथमपूरकर

मी पीथमपूरला कारखान्यात सेफ्टी बघतो, दिवसभर ग्लोव्हजच्या पेट्या उघडतो, म्हणून थोडं लिहितो. सायकलचा अनुभव चार वर्षांचाच आहे, तिथे चुकलो तर सांगा.

आमच्याकडे ग्लोव्हजवर हातोडीचं छोटं चिन्ह असतं आणि खाली चार आकडे व एखादं अक्षर. हे युरोपचं ईएन ३८८. पहिला आकडा घासण्याचा, दुसरा कापण्याचा, तिसरा फाटण्याचा, चौथा टोचण्याचा. मग कापण्याच्या दुसऱ्या मशीनचं ए ते एफ अक्षर, आणि शेवटी पी असेल तर आघाताची टेस्ट पास. घासण्यात १ म्हणजे शंभर फेऱ्या टिकला, २ म्हणजे पाचशे, ३ म्हणजे दोन हजार, ४ म्हणजे आठ हजार. म्हणजे एकेका पायरीत चौपट-पाचपट फरक आहे, १ आणि ४ म्हणजे एकोणीस-वीसचा मामला नाही.

सायकलच्या बऱ्याचशा ग्लोव्हजवर हे चिन्ह नसतंच. पण एखाद्यावर असलं तर लोक लगेच भारावून जातात, म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, घासायची टेस्ट तळव्यातून कापलेल्या गोल तुकड्यावर होते. तो आकडा कापडाचा आहे, शिवणीचा नाही. मालवीचाकचा ग्लोव्ह या टेस्टमध्ये कदाचित तीन आणेल, आणि जानापावला तो शिवणीत उघडला. दुसरी, टोचण्याच्या टेस्टमध्ये जो खिळा दाबतात तो साडेचार मिलिमीटर जाडीचा असतो. आपल्या बाभळीचा काटा किती जाड असतो ते सगळ्यांना माहीत आहे. चारपैकी चार मिळालेल्या ग्लोव्हमधून बाभूळ आरपार जाते, मी माझ्या तळव्यातून काढलाय.

शिवण तपासणारं स्टँडर्ड मोटरसायकलवाल्यांचं, ईएन १३५९४. त्यात शिवणीची ताकद बघतात, आणि मनगटाचा पट्टा लावल्यावर ग्लोव्ह हातातून ओढून निघतो का तेही बघतात, जे मला फार मोलाचं वाटतं कारण पडताना ग्लोव्ह फिरला किंवा निघाला तर तो कितीही मजबूत असून उपयोग काय. बोटांच्या पेरांचं संरक्षण पास झालं असेल तर केपी लिहिलेलं असतं. पण तो ग्लोव्ह घालून जानापाव चढणार का? मे महिन्यात तर नाहीच. घाम, जाडी, ब्रेकचं बोट, सगळंच अडतं.

टाकादोरा

मी सायकल चालवत नाही, नवरा आणि मुलगा चालवतात. मी इंदुरात पंधरा वर्षं कातडी आणि कॅनव्हासच्या पिशव्या शिवते, त्यामुळे 'भोकं जशीच्या तशी, दोरा गायब' हे वाचून राहवलं नाही.

मालवीचाक, दोन गोष्टी करा. उसवलेल्या टोकाला दोऱ्याचा एक तुकडा लोंबत असेल, तो चिमट्यात धरून काडीने पेटवा. कागद जळल्यासारखा वास येऊन राख झाली तर सुती. वितळून कडक गोळी झाली तर पॉलिस्टर किंवा नायलॉन. मग ग्लोव्ह उलटा करा आणि शिवण आतून बघा. वर जसा टाका तसाच आत दिसतो, का आतून साखळीसारखी वेणी दिसते?

मालवीचाक

आत्ताच केलं. वितळून काळी गोळी झाली. आणि आतून वेणीच आहे, छोट्या छोट्या कड्या एकमेकींत अडकवल्यासारख्या.

टाकादोरा

मग दोऱ्याला बोल लावू नका, टाका चुकीचा आहे. याला साखळी टाका म्हणतात. पटापट होतो, ताणला तर थोडा लवचिक असतो, म्हणून कपड्यांत आणि गोणीच्या तोंडाला घालतात. गव्हाच्या पोत्याचं तोंड एक टोक ओढून सर्रकन उघडतात ना, तोच. एक कडी तुटली आणि टोक सापडलं की सगळी ओळ निघून येते. तुमचा दोरा एकाच जागी दगडावर घासून तुटला असणार, बाकीचे दोन इंच आपोआप सुटले. ग्लोव्हच्या तळव्याला हा टाका घालायलाच नको.

दुसरा असतो लॉकस्टिच, साध्या शिलाई मशीनचा, वरचा आणि खालचा दोरा प्रत्येक भोकात एकमेकांत अडकतो. एक टाका तुटला तरी शेजारचा धरून ठेवतो. आणि सगळ्यात पक्का हातचा, दोन सुयांचा मेणाचा टाका, जो खोगीरवाले घालतात, एका भोकातून दोन्ही बाजूंनी दोरा जातो. एक तुटला तरी दुसरा अख्खा शाबूत.

दुकानात बघताना अजून काय बघायचं ते सांगते. टाके एकमेकांच्या फार जवळ असले तर लोकांना वाटतं मजबूत आहे, पण कातडं किंवा रेक्झिनसारखं मटेरियल असेल तर ती भोकांची ओळ टपालाच्या तिकिटासारखी होते आणि ओढलं की तिथूनच फाटतं. कापडाला जवळ टाके चालतात, कातड्याला थोडे लांब. शिवणीच्या दोन्ही टोकांना उलट टाका मारून बंद केलंय का बघा, नुसता दोरा कापून सोडला असेल तर तो जोड घेऊच नका. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधली जागा दोन्ही हातांनी ताणून बघा, टाक्यांच्या मधून उजेड दिसला तर परत ठेवा. आणि तळवा एकाच तुकड्याचा आहे का चार तुकडे जोडून केलाय? डिझाइनला चार तुकडे छान दिसतात, पण प्रत्येक जोड म्हणजे एक दार. माझं मत असं की मनगटाजवळची जी गादी आधी जमिनीला टेकते तिथे एकही शिवण नको, असली तर आडवी नको.

सुती दोरा घामाने कुजतो. नायलॉन ताकदीचा असतो पण वर्षभर उन्हात पडला की दम जातो, पॉलिस्टर उन्हाला जास्त टिकतो. म्हणून ग्लोव्हज हँडलला अडकवून गॅलरीत ठेवू नका, आमच्याकडे रोजची भांडणं आहेत यावरून.

रामबाग_रायडर

ताई हे वाचून मी कपाटातले जुने ग्लोव्हज काढून उलटे केले. एका जोडीत वेणी, एका जोडीत साधा टाका. वेणीवाली जोडीच फाटली होती, तेव्हा मला वाटलं होतं माझा हात मोठा आहे म्हणून.

महूकर

टाकादोरा, तुमच्यासारख्या माणसाची या चर्चेत गरज होती. इंदूरच्या चामड्याच्या खेळण्यांना जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, एवढं कसब या गावात आहे, आणि आपण ग्लोव्ह फाटला की फेकून नवीन मागवतो.

बडोद्याचा_अमोल

बडोद्याहून लिहितोय, आमची मंडळी पावागढच्या पायथ्याला जातात. आमचा प्रॉब्लेम घाम. पाठीमागे जाळीचे ग्लोव्हज घ्यावेच लागतात, आणि ती जाळी काटेरी झुडपात अडकून सुटत जाते. शिवाय वेल्क्रोचा खरखरीत भाग उघडा राहिला की बॅगेत तोच दुसऱ्या ग्लोव्हची जाळी उसवतो, हे मला तीन जोड्यांनंतर कळलं. धुताना वेल्क्रो लावून धुवा, गार पाण्यात, साध्या साबणाने, सावलीत वाळवा. आम्ही सहा महिन्यांत जोड बदलायचो, आता वर्ष-दीड वर्ष जातं.

पीथमपूरकर

एक राहिलं, पेरांवरच्या कडक प्लास्टिकबद्दल. ते अगदीच निरुपयोगी आहे असं कुणी समजू नये. आजकालचे हँडलबार ७८०-८०० मिलिमीटर रुंद असतात, झाडांमधून जाताना सगळ्यात बाहेर आपली करंगळीच असते. चोरलकडे सागाच्या झाडांमधून जी वाट जाते तिथे माझ्या उजव्या करंगळीचं पेर खोडावर आपटलंय, तेव्हा प्लास्टिक असतं तर बरं झालं असतं. डीथ्रीओ नावाचं जे मऊ मटेरियल येतं ते मला जास्त पटतं, हळू दाबलं तर लवतं, जोरात आपटलं की त्या क्षणापुरतं कडक होतं, म्हणजे मूठ वळायला त्रास नाही.

पण हे जंगलाचं संरक्षण झालं. जानापाव, देवगुराडिया, रालामंडळच्या आसपासचा माळ, इथे झाडं लांब लांब आहेत आणि खाली मुरूम आहे. इथे आपण पेरांवर नाही पडत, तळव्यावर पडतो. पैसे कुठे घालायचे ते जागा बघून ठरवा. दुकानात ग्लोव्ह पालथा टांगलेला असतो, त्यामुळे आपल्याला पाठ दिसते, आणि बनवणारेही पाठीवरच मेहनत घेतात.

सुदामानगरची_अश्विनी

मला कुणी जेल पॅडबद्दल सांगेल का? लांब राइड झाली की माझी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं, म्हणून मी सगळ्यात जाड पॅडचे घेतले, तर अजूनच वाढलं.

फिजिओताई

अश्विनी, ती अल्नार नस आहे. करंगळीच्या बाजूला मनगटापाशी दोन हाडांमधल्या बोळातून ती हातात शिरते आणि नेमकी तिथेच आपण हँडलवर वजन टाकतो. सायकलवाल्यांचा हा इतका जुना त्रास आहे की त्याला सायकलिस्ट पाल्सी असं नावच आहे. पॅड जर त्या बोळाच्या दोन्ही बाजूंना उंच आणि मधे खोलगट असेल तर नसेवरचा दाब कमी होतो. पण जाड पॅडचा गोळा नेमका नसेवर आला, किंवा ग्लोव्ह सैल असल्यामुळे सरकून तिथे आला, तर दाब वाढतो. तुझं तेच होत असणार.

ग्लोव्हच्या आधी हँडलची उंची आणि सीटचा कोन बघ, सीट पुढे झुकलेली असेल तर सगळं अंग हातावर येतं. ब्रेकचे लिव्हरही फार आडवे असतील तर मनगट मागे मोडतं. दर दहा मिनिटांनी हाताची जागा बदल. बधिरपणा राइडनंतरही राहत असेल किंवा चिमटीत कागद धरता येत नसेल तर थांबू नकोस, दाखव.

सुदामानगरची_अश्विनी

सैल आहेतच ताई, माझ्या मापाचे मिळतच नाहीत, पुरुषांचे एस घेते.

टाकादोरा

माप असं घ्या : शिवायची टेप घेऊन अंगठा सोडून तळहाताभोवती पेरांच्या खाली गुंडाळा, मूठ किंचित वळलेली असू द्या. तो आकडा कंपनीच्या तक्त्याशी जुळवा, एस-एमवर जाऊ नका. घातल्यावर हँडल धरल्यासारखी मूठ करा, तळव्यात चुणी पडली तर मोठा, अंगठ्याच्या बेचक्यात ताण आला तर छोटा. चुणी पडली की तीच चुणी ग्रिपवर घासत राहते, आधी तुमच्या हाताला फोड आणि मग तिथेच भोक.

रामबाग_रायडर

अजून एक, ग्रिपसुद्धा बघा रे. रबर जुनं होऊन चिकट झालं किंवा वरती धूळ बसली की ती पॉलिश पेपरसारखी ग्लोव्ह खाते. आपली काळी माती वाळली की किती बारीक होते माहीत आहे ना. मी आता दर राइडनंतर ओल्या फडक्याने ग्रिप पुसतो. आणि हँडलच्या टोकाची बुचं पडली असतील तर आधी ती बसवा, उघडी नळी पोटात किंवा मांडीत घुसते, त्याला कुठलाच ग्लोव्ह कामाचा नाही.

मालवीचाक (सोमवार, रात्री)

एक्स-रे झाला, काही दिसत नाही म्हणाले. क्रेप बँडेज आणि गोळ्या. म्हणाले दोन-चार दिवसांत चालवायला लागा.

फिजिओताई

खळग्यात दाबल्यावर अजून दुखतंय का? दुखत असेल तर दहा-बारा दिवसांनी परत काढायचा, तोपर्यंत अंगठ्याला आधार देणारा स्प्लिंट घाल आणि सायकल बंद. मी आग्रहाने सांगतेय.

मालवीचाक (दोन आठवड्यांनी)

ताई, तुमच्यामुळे वाचलो. सोललेलं सगळं बरं झालं, नवीन कातडी आली, तरी बाटलीचं झाकण फिरवताना कळ यायची. दुसऱ्या ठिकाणी जाऊन परत एक्स-रे काढला, स्कॅफॉइडला बारीक रेघ आहे. तुकडे सरकलेले नाहीत त्यामुळे ऑपरेशन नाही, प्लास्टर घातलंय. परवा ही चर्चा वाचून आईने स्वतः आठवण केली होती, 'ते काजूचं हाड परत दाखवायचंय ना?' म्हणून.

आणि आता मला कळतंय की मी प्रश्नच जरा गोंधळून विचारला होता. ग्लोव्ह चांगला असता तरी हाड मोडलंच असतं. पण कातडी सोलली नसती, आणि कातडीचं दुखणं नसतं तर हाडाचं दुखणं पहिल्याच दिवशी वेगळं कळलं असतं. तेवढ्यासाठी तरी तळवा धड पाहिजे.

महूकर

बरं झालं वेळेत सापडलं. प्लास्टरची घाई करू नकोस, डॉक्टर म्हणतील तितके दिवस ठेव. माझ्या एका मित्राने सहाव्या आठवड्यात स्वतः कापून काढलं होतं, परत सहा आठवडे घालून घ्यावं लागलं.

टाकादोरा

तो जुना जोड फेकलात का?

मालवीचाक

नाही, ठेवलाय.

टाकादोरा

मग आणून द्या. कापड चांगलं आहे म्हणालात, भोकं शाबूत आहेत, त्याच भोकांतून मेणाचा पॉलिस्टर दोरा दोन सुयांनी घालता येईल. उसवलेली शिवणच नाही, दोन्ही हातांच्या तळव्याच्या सगळ्या वेण्या काढून नव्याने घालते. मनगटाच्या गादीवर बोकडाच्या कातड्याचा एक तुकडा बाहेरून लावते, कडा तासून, म्हणजे ग्रिपवर टोचणार नाही. महूकरांचं म्हणणं मला पटलंय, तिथे कातडंच हवं. पैसे दोऱ्याचे आणि कातड्याचे घेईन.

मालवीचाक (पुढचा महिना)

ग्लोव्हज मिळाले. डावा अजून घालता येत नाही, प्लास्टर आहे, म्हणून उजवा घालून नुसता हँडल धरून बघितला. आधी तळव्यात जी शिवण बोटाला लागायची ती आता लागतच नाही, आणि कातड्याचा तुकडा मनगटाच्या रेषेच्या बरोबर खाली येतो, बोट फिरवलं तर कड कुठे सुरू झाली ते कळत नाही. ताईंनी प्रत्येक टाका मोजून घातल्यासारखा आहे. मी नख घालून एक टाका उचलून बघितला, हलला नाही.

पेरांवरचं ते प्लास्टिक मात्र काढून टाका म्हणालो होतो, ताईंनी नकार दिला.

टाकादोरा

ते काढलं असतं तर खालचं कापड उघडं पडलं असतं, त्याला आधार नाही. आणि पीथमपूरकरांनी सागाचं सांगितलंय ना, चोरलला गेलात तर लागेल.

पीथमपूरकर

प्लास्टर निघालं आणि फिजिओताईंनी होकार दिला की सांग. पहिल्या रविवारी जानापाव नको, बायपासपासून देवगुराडियापर्यंत सपाट जाऊ, सकाळी सहाला. रामबागवाला पण येतोय, त्याने कालच टेपने हाताचं माप घेऊन मला पाठवलंय.